कच्ची कीर्द, पक्की कीर्द

पुणे, २० जून

तीर्थरूप बाबा आणि आई,
शि. सा. न.

बाबा, तुमच्या कादंबरीची सहाही प्रकरणं वाचून झाली. परवा तुम्ही म्हणालात, "गाडी अडलीय, लिहायचा मूडच लागत नाही." त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. यात आकडे बरेच आहेत. सांगलीत हळदीच्या पेठेत पस्तीस वर्षं अडत्याच्या गादीवर दिवाणजी म्हणून बसलेल्या माणसाला त्यांचा कंटाळा येणार नाही असं धरून चालले आहे. आई, मधे तुझ्यासाठीही आहे. बाबांना पत्र वाचून दाखवायला लावून आत निघून जाऊ नकोस.

प्रकाशकांनी हस्तलिखित ३१ ऑक्टोबरला मागितलंय, तेही टाईप होऊन, तपासून. म्हणजे ऑक्टोबर लिहिण्यात धरायचाच नाही. उद्यापासून ३० सप्टेंबरपर्यंत १०२ दिवस आहेत. आठवड्याची एक सुट्टी, असे १४ वजा. गणपतीचे सात वजा. घरात माणसं असताना तुम्ही लिहाल यावर माझा विश्वास नाही. राहिले ८१. त्यातले ११ दिवस ताप, पाहुणे, डॉक्टर, वीज जाणं यांच्या नावावर आत्ताच टाका. हातात ७० दिवस.

आता शब्द. छापील २०० पानांच्या आसपास कादंबरी हवी तर साधारण ५६,००० शब्द लागतात. तुमचे १४,००० झालेत. उरले ४२,०००, भागिले ७०, रोजचे ६००. तुमच्या लाँगबुकात पानाला २२ ओळी आणि ओळीत सरासरी ९ शब्द बसतात, मी मोजले. म्हणजे पानाला दोनशेला दोन कमी. रोजची तीन पानं, एवढंच काम आहे. आठवड्यातून एकदा बैठक मारून वीस पानं काढीन हा विचार सोडा. तशी वीस पानं निघतात, नाही असं नाही. पण नंतरचे चार दिवस वहीकडे बघवत नाही, आणि पाचव्या दिवशी कथेत कोण कुठं उभं होतं हे आठवण्यातच सकाळ जाते.

दांडी पडली तर दुसऱ्या दिवशी सहा पानं लिहायची नाहीत. त्या ११ दिवसांच्या शिलकीतून एक खोडायचा आणि पुन्हा तीनच लिहायची. थकबाकी पुढं ओढली की ती फुगत जाते, मग माणूस वही उघडायचंच टाळतो. उधारीवाला गिऱ्हाईक दुकानासमोरून जायचं सोडतो, तसलाच प्रकार. अगदीच वाईट दिवस असेल तर अर्धं पान लिहा. ते मोजायचं नाही, पण लिहायचं. धागा सुटू नये एवढ्यापुरतं.

वहीच्या शेवटच्या पानावर रोजमेळ ठेवा: तारीख, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, आजची पानं, एकूण पानं. आणि शेवटचा रकाना "उद्या काय" असा. हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण तुमची गाडी तिथंच अडलीय.

सहाव्या प्रकरणाचा शेवट बघा. हरिपूरचं पेव, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा, दगडू हमालानं त्याच्या तोंडावरची माती बाजूला केली, दोरीला बांधून कंदील आत सोडला, आणि तो विझला. वाचणाऱ्याच्या दृष्टीनं थांबायला याहून चांगली जागा नाही. पण तुम्हीही त्या दिवशी तिथंच वही मिटलीत. सगळी वाफ त्या एका वाक्यात संपली आणि दुसऱ्या दिवशी समोर कोरं पान आलं. प्रकरण कुठं संपवायचं आणि त्या दिवशीचं लिखाण कुठं थांबवायचं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकरण संपलं की त्याच बैठकीत पुढच्याच्या पहिल्या चार ओळी लिहून टाकायच्या, वाकड्यातिकड्या का होईनात. आणि एरवी थांबताना पुढं काय होणार हे पक्कं ठाऊक असताना थांबायचं. बोलणं चालू असेल तर मधेच. "तात्या, पैसं कुणी नेलं?" एवढं लिहून उठा. उत्तर तुम्हाला ठाऊक असतं, सकाळी बसल्या बसल्या हात चालू होतो.

दुसरी अडचण तुम्ही पाठवलेल्या पाकिटातूनच दिसते. पहिलं प्रकरण चौथ्यांदा स्वच्छ अक्षरात उतरवलेलं आहे, त्यावर पुन्हा लाल शाई. पाचव्यात मात्र तीन पानं फाडल्याच्या खुणा. बाबा, पेठेत कच्ची कीर्द, म्हणजे रोजचे व्यवहार घाईत टिपायची वही, आणि स्वच्छ उतरवलेली पक्की कीर्द एका बैठकीत कधी लिहिली होती का तुम्ही? सौदा चालू असताना आकडा फक्त टिपायचा, ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा तो संध्याकाळी. आत्ताची वही कच्ची आहे. तिच्यात शुद्धलेखन, सुंदर वाक्य, योग्य शब्द यांचा विचार करायचा नाही. लिहिणारा आणि तपासणारा एकाच वेळी गादीवर बसले की तपासणारा जिंकतो, कारण त्याला पुढं जायची घाई नसते. रोज सुरुवातीला आदल्या दिवशीचं फक्त शेवटचं पान वाचा, पेन खाली ठेवून. त्याच्या मागं जायचं नाही. पान फाडायचं तर नाहीच. नको असलेल्या मजकुरावर एक तिरकी रेघ मारा. फाडलेल्या पानातलं एखादं वाक्य ऑक्टोबरात हमखास लागतं.

लिहिता लिहिता माहिती अडली, समजा त्या वर्षी पोत्याचा भाव काय होता, तर तिथं चौकोन काढा, आत "भाव?" लिहा आणि पुढं जा. उठून कुणाला फोन करायचा नाही. फोन केला की भावाबरोबर त्यांच्या नातवाची ॲडमिशनही निघते. चौकोन सुट्टीच्या दिवशी एकगठ्ठा भरायचे.

पात्रांची एक वेगळी यादी करा, नाव, जन्मसाल, गाव, एखादी खूण. हे आत्ताच का सांगते? दगडू १९७२ च्या दुष्काळात बारा वर्षांचा, असं दुसऱ्या प्रकरणात आहे. म्हणजे जन्म १९६०. तो २००५ च्या पुरात ४५ वर्षांचा होतो. तुम्ही पाचव्यात त्याला साठीचा केलाय, गुडघे धरून जिना चढतोय बिचारा. वय कधी लिहायचं नाही, जन्मसाल लिहायचं आणि वजाबाकी करायची. तसंच, २००५ आणि २०१९ हे दोन पूर एकमेकांत मिसळू देऊ नका. सांगलीच्या गावभागात कुठवर पाणी आलं होतं ते लोकांना पायऱ्यांसकट पाठ आहे, सांगलीतला वाचक तेवढ्यावरून पुस्तक मिटेल.

पुढच्या धोक्याची आधीच कल्पना देते. एकूण २४ प्रकरणं धरली तर दहाव्या ते चौदाव्याच्या दरम्यान, २५,००० शब्दांच्या पुढं कुठंतरी, सगळं पोकळ वाटायला लागेल. बहुतेक प्रत्येकाला वाटतं. सुरुवातीला मनात साठवून ठेवलेलं तोवर संपलेलं असतं, शेवट अजून लांब असतो, आणि वाटेत जमा केलेली माणसं नुसती उभी असतात. याची खूण सांगू? पात्रं चहा प्यायला लागतात. आभाळ भरून येतं, कुणीतरी खिडकीतून बघतं, पुन्हा चहा. अशी दोन पानं सलग झाली की समजायचं. तेव्हा बसून विचार करत राहण्याचा उपयोग होत नाही. वहीच्या मागच्या बाजूनं शेवटचं प्रकरण कच्चं लिहून काढा. पोचायचं कुठं हे कागदावर दिसलं की मधली वाट आखता येते. शिवाय त्या पाच प्रकरणांत परत न फिरवता येणारी एक तरी गोष्ट घडू द्या. माझ्या मते शेवंतानं तात्याची वही सगळ्यांसमोर वाचून दाखवावी. तुम्ही तिला फार सोसायला लावताय आणि त्या सोसण्याचं कौतुकही करताय. मला ते पटलं नाही, हे एक मत म्हणून ठेवा.

प्रत्येक प्रकरणाआधी तीन ओळींची चिठ्ठी पुरे: या प्रकरणात कुणाला काय हवंय, आडवं कोण येतंय, शेवटी काय बदललेलं असेल. तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर ते प्रकरण बहुधा नकोच आहे. एका प्रकरणाला सरासरी २,३०० शब्द, म्हणजे चार दिवसांना थोडे कमी.

बसायची वेळ सकाळी, पेपर यायच्या आत. ४५ मिनिटं, मग १५ मिनिटं उठून गच्चीवर, मग पुन्हा ४५. तीन पानांना एवढं पुरतं. तुम्हाला साखरेचा त्रास आहे, तेव्हा उपाशीपोटी बसायचं नाही. दिवा डाव्या हाताला हवा, नाहीतर उजव्या हाताची सावली नेमकी लिहित्या ओळीवर पडते. बॉलपेन दाबावं लागतं, अंगठा त्यानंच दुखतोय तुमचा. जेल पेन घ्या. पानाच्या एकाच बाजूला लिहा, डावीकडं चांगला समास सोडा आणि वर प्रकरण आणि पान असे दोन्ही आकडे घाला, ७/३ असे. नुसते सलग आकडे घातले की मधे एक पान वाढलं तरी सगळा क्रम बिघडतो.

हात फारच दुखला तर फोनवर बोलून टाईप करता येतं. त्यात कमीपणा नाही. दोस्तोयव्हस्कीनं १८६६ च्या ऑक्टोबरात एक अख्खी कादंबरी २६ दिवसांत लघुलेखिकेला सांगून पुरी केली, कारण मुदत चुकली असती तर प्रकाशकाला त्याचं लिखाण नऊ वर्षं फुकट छापायचा हक्क मिळाला असता. तुमचे प्रकाशक त्या मानानं फारच भले आहेत. फक्त फोनला आपली बोली समजत नाही; "न्हाई"चं "नाही" करतो, पूर्णविराम स्वतःहून देईलच असं नाही. तेव्हा निवेदन बोलून, संवाद हातानं.

रोज लिहून झालं की पानांचे फोटो काढून मला पाठवायचे. मी वाचणार नाही, नुसते साठवणार. आणि पावसाळ्याचे दिवस आहेत: आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की वह्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर. ४५ ची, धोक्याच्या पातळीची, वाट बघू नका. २०१९ ला ती ५७ च्याही पुढं गेली होती आणि तेव्हा काय काय वर न्यायचं राहिलं ते आपल्याला माहीत आहे.

आई, आता तू. बाबा बसले असताना सिलिंडर आला का, भाजी कुठली, हे दीड तास विचारायचं नाही. दार वाजलं तर तू उघड आणि "आंघोळीला गेलेत" म्हण. "किती झालं?" हेही नको, वहीत रोजमेळ आहे, हवं तर गुपचूप बघ. ते वाचून दाखवायला लागले तर ऐकू नकोस. तू छान म्हणालीस की ते तेच प्रकरण घासत बसतील, आणि तोंड वाकडं केलंस तर आठवडा गेला. पण हरिपूर तुझं माहेर आहे. पेवाशेजारच्या घरात बायका एकमेकींशी कशा बोलायच्या, हळद शिजताना अंगणात कशी पळापळ असायची, हे बाबांना दुकानातून दिसलेलं नाही. चौकोनांचा तो सुट्टीचा दिवस तुझा. त्यांनी विचारायचं, तू सांगायचं आणि त्यांनी टिपून घ्यायचं.

ऑक्टोबरचं काम असं. पहिले तीन दिवस वहीला हात नाही. मग पाच दिवस रोज तासभर नुसतं वाचन, समासात खुणा तेवढ्या करायच्या. पुढचे १२ दिवस रोज दोन प्रकरणं दुरुस्त करून टाईपला द्यायची. यावेळी, आई, तू समोर बस. एक प्रकरण मोठ्यानं वाचायला २० मिनिटं लागतात. तुझं लक्ष जिथं उडेल तिथं फक्त बोट वर कर, कारण सांगू नकोस. बाबांनी तिथं फुली मारायची. बहुतेक फुल्या प्रकरणांच्या पहिल्या पानावर येतील. तिथं तुम्ही फार प्रस्तावना करता, बाबा. ते पान सरळ काढून बघा, दहातल्या सात वेळा काही बिघडत नाही. मग टाईप झालेलं तपासायला आठ दिवस, रोज तीन प्रकरणं. तीन दिवस शिल्लक.

टाईप करणाऱ्याला युनिकोडमध्येच करा असं आधी सांगा. जुन्या फाँटात केलेला मजकूर बदलून घेताना रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात, आणि २०० पानांतून ते वेचत बसावं लागतं. निवेदनात "केलं" ठेवायचं की "केले", हे त्याच्याकडं जाण्याआधी ठरवा. आत्ता दोन्ही आहेत. बोलीतही "न्हाई", "नाय" आणि "न्हाय" अशी तिन्ही रूपं एकट्या दगडूच्या तोंडी आहेत. यातलं एक निवडा आणि यादीच्या पानावर लिहून ठेवा. पण हे सगळं ऑक्टोबरात. उद्या सकाळी फक्त सातव्या प्रकरणाच्या त्या चार ओळी.

तुमची,
सुमी

ता. क. कंदील विझल्यावर दगडू लगेच खाली वाकून हाक मारतो असं तुमच्या चिठ्ठीत दिसलं. पेठेतला हमाल तसं करील का? तो आधी दोन पावलं मागं सरेल. सातवं तिथूनच सुरू करा.