बरोबरी झाली म्हणजे सामना संपला, हे तुम्हाला कोणी सांगितले?

धरमपेठ, नागपूर
दि. 9 डिसेंबर 2025

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी (सामने थेट दाखवणारे तुमचे ॲप)

विषय: हिरो वर्ल्ड चॅलेंज गोल्फ स्पर्धेचे अर्धवट प्रक्षेपण, खराब रेकॉर्डिंग, चुकीचे हायलाइट्स आणि ‘चॅरिटी सपोर्ट’ या नावाने घेतलेले 50 रुपये

आज सकाळी 11.40 ला तुमचा मेसेज आला की माझी तक्रार ‘समाधानकारकरीत्या सोडवून’ बंद केली आहे. समाधान कोणाचे झाले ते मेसेजमध्ये नाही. माझे झालेले नाही, म्हणून हे पत्र.

स्पर्धा काय आहे हे तुम्हाला सांगायची गरज नसावी. तिच्या नावावर वेगळा पॅक काढून तुम्हीच तो विकला आहे. जाहिरातीत ‘चारही दिवस, प्रत्येक फटका, थेट’ असे शब्द होते. त्यातला ‘चारही दिवस’ एवढाच भाग खरा निघाला, कारण दिवस काय, ते आपोआप उगवतात.

पहिला घोळ वेळेचा. स्पर्धा बहामाजमधल्या अल्बनी कोर्सवर होते. डिसेंबरात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. तिथले दुपारचे बारा म्हणजे इथले रात्रीचे साडेदहा. तुमच्या वेळापत्रकात 10.30 रात्री असे बरोबर छापले होते, पण ‘आता लाइव्ह’ ही सूचना गुरुवारी भर दुपारी 12 ला आली. त्या वेळी तिथे रात्रीचा दीड वाजला होता. सूचना पाठवणाऱ्या यंत्रणेने ‘12’ हा आकडा तिकडून उचलला आणि इकडे जसाच्या तसा चिकटवला. चारही दिवस हेच. हे मी सोडून देतो.

रेकॉर्डिंगचे सोडून देता येत नाही. प्रत्येक फेरी आपल्याकडे मध्यरात्र ओलांडते. तुमची यंत्रणा फाइलला फेरीचे नाव देत नाही, तारखेचे देते, आणि बाराच्या ठोक्याला नवी फाइल सुरू करते. म्हणजे गुरुवारच्या फेरीचा पहिला दीड तास ‘4 डिसेंबर’मध्ये आणि उरलेली ‘5 डिसेंबर’मध्ये. मग शुक्रवारी रात्री साडेदहाला दुसरी फेरी सुरू झाली, तिचीही फाइल ‘5 डिसेंबर’. नाव तेच, म्हणून नवीने जुनी पुसली. शनिवारी आणि रविवारीही असेच. आज तुमच्या लायब्ररीत चार फेऱ्यांची चार डोकी आहेत आणि रविवारच्या फेरीची एक शेपूट, कारण 8 तारखेला तिला पुसायला पुढची फेरी नव्हती. ती शेपूटही तुटकी, ते पुढे येतेच.

या स्पर्धेत 20 खेळाडू, दोघादोघांच्या दहा जोड्या, आणि कट नसतो. इतर मोठ्या स्पर्धांत दोन दिवसांनी निम्मे लोक घरी जातात, इथे विसावा खेळाडूही चौथ्या दिवशी शेवटच्या, अठराव्या होलपर्यंत खेळतो. जोड्या गुणांच्या क्रमाने सुटतात. मागे पडलेले आधी, आघाडीवरचे सर्वांत शेवटी. म्हणजे प्रक्षेपणाची शेवटची मिनिटे कापली की नेमकी आघाडीची जोडी कापली जाते. क्रिकेटमध्ये नाणेफेक दाखवून शेवटचे षटक गाळाल का? मग हे काहून?

आता रविवार. जपानचा मात्सुयामा आणि स्वीडनचा नोरेन दोघेही 22 अंडरवर, म्हणजे कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा 22 कमी फटक्यांवर थांबले, चार फेऱ्यांचे 266 फटके प्रत्येकी. बरोबरी झाली की प्ले-ऑफ. दोघांनी अठरावा होल पुन्हा खेळायचा, ज्याचे फटके कमी तो जिंकला, तरीही बरोबरी राहिली तर आणखी एकदा. मात्सुयामाने पहिल्याच जादा होलवर बर्डी (होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) मारून स्पर्धा जिंकली. हे मला दुसऱ्या दिवशी वाचून कळले, कारण तुमच्या पडद्यावर तोवर ‘कार्यक्रम समाप्त. आपल्याला आवडेल असे आणखी काही’ आले होते आणि खाली कबड्डी सुरू झाली होती. बफरिंग नव्हते, चित्र फुटत नव्हते. वेळापत्रकातला ‘समाप्ती’ हा रकाना गाठला गेला आणि प्रवाह बंद झाला. गोल्फला ठरावीक समाप्ती नसते. टेनिसला नसते, सुपर ओव्हरला नसते, आणि त्या दोन्हींसाठी तुम्ही दार उघडे ठेवता. गोल्फच्या रकान्यात कोणीतरी एक आकडा टाकून घरी गेले.

यावर मी सोमवारी तीन वेळा फोन केला. पहिल्या दोन वेळा ‘मराठीसाठी तीन दाबा’ दाबल्यावर अनुक्रमे हिंदी आणि शांतता मिळाली. तिसऱ्या वेळचे संभाषण जवळपास शब्दशः देतो, कारण तुमच्या म्हणण्याप्रमाणे कॉल ‘गुणवत्तेसाठी रेकॉर्ड’ होतात. गुणवत्ता कुठे आहे ती तुम्हीच ऐकून सांगा.

– कोणती मॅच होती सर?
– गोल्फ. हिरो वर्ल्ड चॅलेंज, चौथी फेरी.
– कोणाविरुद्ध कोण?
– तसं नसतं. वीस जण असतात, प्रत्येक जण आपापला खेळतो.
– हो सर, पण टीम एक आणि टीम दोन भरल्याशिवाय तक्रार पुढे जात नाही.

इथे सहा मिनिटे सनई. मग:

– सर, ही टायगर वूड्सची स्पर्धा ना? मी ‘टायगर विरुद्ध इतर’ टाकतो.
– तो यजमान आहे. या वर्षी खेळलाच नाही, ऑक्टोबरात त्याच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली.
– नाही खेळला? मग त्यामुळेच बंद झाली असेल सर.
– चार दिवस सुरू होती. शेवटी बरोबरी झाली आणि प्ले-ऑफच्या आधी तुम्ही बंद केली.
– म्हणजे टाय झाली ना सर? टाय झाली म्हणजे मॅच संपली. ‘कार्यक्रम समाप्त’ बरोबरच दाखवलं मग.

त्यावर मी काही बोललो नाही, बोलण्यासारखे काही उरले नव्हते. त्या शांततेत त्याने माझा पिनकोड पाहिला असावा, कारण पुढचे वाक्य असे: “नागपूरला अधिवेशन सुरू झालंय ना सर, त्यामुळे नेटवर्कवर लोड असेल.” आमच्या हिवाळी अधिवेशनावर आजवर बरेच आरोप झाले, पण बहामाजमधला प्ले-ऑफ बंद पाडल्याचा हा पहिलाच. तेही रविवारच्या रात्री, सभागृहाचे कुलूप उघडण्याआधी! आता काय म्हणाव बाप्पा.

त्या मुलाला दोष देत नाही. समोर जो फॉर्म असतो तोच तो भरणार. गोल्फचे हक्क विकत घेऊन तक्रारीच्या फॉर्ममध्ये दोन संघ सक्तीचे ठेवणारा माणूस तुमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर बसत असणार, हे पत्र त्याच्यासाठी आहे.

मग भरपाई म्हणून ‘अंतिम फेरी 2025, हायलाइट्स’ अशी तीन मिनिटांची लिंक आली. ती 2016 ची आहे. चूक कशी झाली तेही सांगतो. मात्सुयामा ही स्पर्धा 2016 मध्येही जिंकला होता, याच अल्बनीवर, आणि तेव्हाही दुसरा आलेला स्वीडनचाच होता. पण तो स्टेन्सन, नोरेन नव्हे, आणि तेव्हा फरक दोन फटक्यांचा होता, प्ले-ऑफ झालाच नव्हता. शिवाय त्या फितीत, यंदा न खेळलेला वूड्स हातात पटर (चेंडू होलमध्ये ढकलायची काठी) घेऊन होलभोवतीच्या हिरवळीवर चालताना दिसतो. विजेत्याचे नाव शोधून जी पहिली फीत सापडली ती पाठवून दिलीत. प्ले-ऑफ पाहायचा होता त्याला प्ले-ऑफ नसलेले वर्ष पाठवले!

ई-मेलमधले उत्तर तर फोनपेक्षा वाईट: ‘हा प्रदर्शनीय सामना असल्याने संपूर्ण प्रक्षेपण बंधनकारक नाही.’ निमंत्रितांची आणि धर्मादाय कामासाठीची म्हणजे गंमतजंमत, असा तुमचा समज दिसतो. पीजीए टूरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक गोल्फ मालिकेच्या, अधिकृत कमाईत ती धरत नाहीत हे खरे. पण 72 होलच्या एकूण फटक्यांवर निकाल, 2009 पासून जागतिक क्रमवारीचे गुण, विजेत्याला दहा लाख डॉलर. 2019 मध्ये तिसऱ्या फेरीत अकराव्या होलला पॅट्रिक रीडने सराव करताना चेंडूमागची वाळू क्लबने सरकवली, तर त्याला दोन फटक्यांचा दंड झाला. शेवटी तो विजेत्या स्टेन्सनच्या बरोबर दोन फटके मागे राहिला. प्रदर्शनी सामन्यात असे दंड लावत नाहीत. आणि ती वाळू पकडली गेली ती कॅमेऱ्यामुळे, म्हणजे थेट प्रक्षेपणामुळे. तुमच्या वेळापत्रकाच्या भरवशावर असते तर रीड सुटला असता. 2014 पासून या स्पर्धेला नाव आहे ते एका भारतीय दुचाकी कंपनीचे, आणि तिचा शेवट भारतातच दिसू नये, हे तुम्हालाच जमले.

उरले पैसे. माझे बिल: पॅक 299, ‘चॅरिटी सपोर्ट’ 50, त्या 349 वर 18 टक्के जीएसटी 62.82, एकूण 411.82 रुपये. ‘चॅरिटी सपोर्ट’ची खूण आधीच केलेली होती, काढायची सोय पुढच्या पानावर. या स्पर्धेचा पैसा वूड्सच्या टीजीआर फाउंडेशनला, मुलांच्या शिक्षणाच्या कामाला जातो. माझे 50 तिथे गेले का? देणगी असेल तर त्यावर 9 रुपये जीएसटी कसा लावलात, आणि ज्या संस्थेला दिली तिची पावती कुठे? किंमत असेल तर तिला किंमत म्हणा. दानाच्या नावाने दर वाढवणे याला मराठीत जो शब्द आहे तो मी पत्रात लिहीत नाही.

मला हवे ते असे. 411.82 रुपये परत. 50 रुपयांचा लेखी हिशेब. चारही फेऱ्यांचे, प्ले-ऑफसह, पूर्ण रेकॉर्डिंग किमान 30 दिवस. मूळ चित्रण तुमच्याकडे आलेलेच असते, फाइलला ‘फेरी 1’ ते ‘फेरी 4’ नावे द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. गोल्फच्या ‘समाप्ती’ रकान्यात आकडा न टाकता शेवटचा चेंडू होलमध्ये पडल्यावर हाताने बंद करण्याची व्यवस्था. आणि तक्रारीच्या फॉर्ममधून तो दुसरा संघ काढा.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात द्यायचे असते. तसे न झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून दावा टाकीन. ग्राहक राहतो तिथेच दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, तेव्हा 411 रुपयांसाठी कोण एवढे करतो या भरवशावर राहू नका. वेळ भरपूर आहे, या दिवसांत रात्री जागायची सवयही झाली आहे.

उत्तर लेखी द्या. फोन नको, सनई ऐकून झाली आहे.

आपला ग्राहक
(नोंदणी क्रमांक मूळ तक्रारीत आहे)

सोबत: बिलाची प्रत, ‘कार्यक्रम समाप्त’ पडद्याचा फोटो, 2016 ची लिंक.

ता.क. पॅक 4 जानेवारीला आपोआप नूतनीकरण होणार असे ॲपमध्ये दिसते. चार दिवसांच्या स्पर्धेचे नूतनीकरण कशाचे? ते बंद करा, आणि बंद केल्याचे कळवताना टीम एक, टीम दोन विचारू नका.