काका, खडूची ती रेघ अजून डोळ्यासमोर आहे

प्रिय काका,

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून आज लिहूनच काढते आणि सगळ्यांसमोर लिहिते, कारण इथे मिशिगनमध्ये आपल्यातले बरेच जण स्वस्तातला जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, शोधत असतात, त्यांच्याही कामी येईल.

मागच्या सप्टेंबरात आम्ही लॅन्सिंगच्या पुढे एका शेतावरून २००४ सालचा २१ फुटी ट्रेलर २,४०० डॉलरला आणला. मुलांना घेऊन मॅकिनॉचा पूल ओलांडून मिशिगनच्या उत्तरेकडच्या भागात, अप्पर पेनिन्सुलात जायचं, तिथले पिक्चर्ड रॉक्सचे रंगीत कडे बघायचे, हे दोन वर्षं डोक्यात होतं. हिवाळाभर ताडपत्रीखाली ठेवला आणि एप्रिलमध्ये दार उघडलं तर आत असा कुबट वास, जसा आपल्याकडे पावसाळ्यात बंद ठेवलेल्या माळ्यावर येतो. एका दुरुस्तीवाल्याने ७,५०० सांगितले. ह्यांचं म्हणणं, व्हिडिओ बघून आपणच करू, छप्परच तर आहे. आणि मी दोघांच्या मधे, पैसे तर आधीच गेलेले, आता सोडायचं कसं.

तुम्ही शनिवारी सकाळी आलात, चहासुद्धा घेतला नाहीत. आधी दारं-खिडक्या लावून पाच मिनिटं आत नुसते उभे राहिलात, नंतर वरची कपाटं रिकामी करून कोपऱ्यांत टॉर्च मारला, आणि मला बोलावून ते तपकिरी ओघळ दाखवलेत जे आम्हाला घेताना दिसलेच नव्हते कारण तिथे उशा कोंबलेल्या होत्या. पाणी छताच्या मधून येत नाही पोरी, कडेनं येतं, असं म्हणालात. छताचं रबर आणि पुढची भिंत जिथे भेटतात तिथल्या पट्टीखालचा चिकट टेप वर्षानुवर्षं सुकून आक्रसतो, पाणी भिंतीच्या आतून उतरतं आणि खाली जमिनीच्या कोपऱ्यात साठतं. म्हणजे वर फक्त डाग आणि खाली सगळं लाकूड गेलेलं, हे मला तोपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. तुमचं ते दोन सुयांचं ओल मोजायचं यंत्र दाराजवळ १० दाखवत होतं आणि पुढच्या डाव्या कोपऱ्यात ३० च्या वर गेलं.

टायरची नक्षी मस्त होती, आम्ही त्यावरच खूश होतो. तुम्ही गुडघ्यावर बसून बाजूचे चार आकडे वाचलेत, ३११२, म्हणजे २०१२ च्या ३१व्या आठवड्यातले. चारही बदलायचे. हायवेवर असला टायर फुटला तर सोबत चाकावरचा पत्राही फाडून नेतो हे तुम्ही इतक्या शांतपणे सांगितलंत की ह्यांनी लगेच वही काढली. टायर ४००, बेअरिंग आणि ब्रेक २५०, छताचं रबर आणि सीलंट ७००, कोपऱ्याचं लाकूड, प्लाय, इन्सुलेशन ५००. हे सगळं स्वतः केलं तर, आणि सड तेवढीच असेल तर. तेव्हा आसपास अशा वयाचा धड ट्रेलर साडेपाच हजाराला मिळत होता, त्यामुळे हिशोब जेमतेम बसत होता.

आणि मग तुम्ही खिशातून खडू काढलात. कोपऱ्यापासून अडीच फुटांवर, खिडकीच्या कडेला, पत्र्यावर उभी रेघ मारलीत. म्हणालात, आत्ता ठरवा, उघडल्यावर नाही. काळं लाकूड ह्या रेघेच्या अलीकडे थांबलं तर मी रोज येतो मदतीला. पलीकडे गेलं तर हात थांबवायचे. आम्ही दोघांनी हो म्हटलं.

कोपऱ्याची पट्टी काढली तेव्हा स्क्रू फिरवावाच लागला नाही, बोटाने निघाला, गंजलेला, आणि त्याच्या आट्यांत काळी भुकटी. पत्रा सोडवला तर आतली काठी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी हातात आली. एक काठी, दुसरी, तिसरी. रेघ मागे पडली, आणि खाली जमिनीचं लाकूडही भिजलेलं निघालं, नेमकं जिथे धाकट्याचा बंक होता, ज्याला धूळ नि बुरशीने धाप लागते. हे म्हणाले, अजून थोडंसं उघडून बघूया ना. तुम्ही वाद घातला नाहीत, फडक्याला हात पुसलेत आणि रेघेकडे बोट केलंत. काका, त्या क्षणी दुसरं कोणी असतं तर आमचं मन राखायला "करा, होईल" म्हणालं असतं आणि आम्ही उन्हाळाभर, मग पुढचा उन्हाळाभर, त्यात पैसे घालत बसलो असतो.

त्यानंतरचे तीन शनिवार तर तुमचे नव्हतेच, आमचेच झाले. गॅसवरचा फ्रिज, फर्नेस, ऑनिंग म्हणजे बाहेर पसरायचं कापडी छप्पर, तीन चांगल्या खिडक्या विकायला नीट काढून दिल्यात. चासी, म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा, एका शेतकऱ्याने गवताच्या गाठी वाहायला नेली, टायर जुने आहेत हे तुम्ही त्याला पैसे घ्यायच्या आधी सांगायला लावलंत. सगळं मिळून १,३५० आले, कचऱ्याचे १८० गेले. काकूंनी तिन्ही शनिवारी डबा पाठवला, त्यातली ती तिखट वांग्याची भाजी मुलं अजून मागतात.

आता फ्लिंटजवळ एक २०१५ चा बघितलाय, ४,८०० म्हणतोय. दारं लावून आत पाच मिनिटं उभी राहिले, वास नाही आला. कपाटं रिकामी करून घेतली, डाग नाहीत. टायर २२२१. छताची पुढची पट्टी मात्र मला नीट कळत नाहीये आणि मालक शिडी लावू देतो म्हणालाय. येत्या शनिवारी जमेल का? ह्या वेळी आधी चहा घ्यायचा, आल्याचा, काकूंनाही घेऊन या.

तुमची,
पलीकडच्या गल्लीतली पोरगी