हरणाऱ्या संघाच्या कोचला

लॉरेन्स, कॅन्सस
6 जुलै 2025

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि सकाळी परत वाचला. फोन केला असता तर नेहमीप्रमाणे आपण दोघं एकदमच बोललो असतो, म्हणून सावकाश लिहितोय. यंदाही तुमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ झोनलमध्येच, म्हणजे विभागीय स्पर्धेतच, गारद झाला. मग संस्थेच्या लोकांनी तुला बोलावून सांगितलं की ही पोरं काढा, क्रीडा कोट्यातून बाहेरची तयार पोरं आणा, नाहीतर आम्ही दुसरा कोच बघतो. त्यावर तू विचारतोयस, राजीनामा देऊ का.

देऊ नकोस. आणि पोरंही काढू नकोस. हे मी नुसतं तुला धीर द्यायला म्हणत नाही. ज्या गावात राहतो तिथे हाच सगळा प्रकार वर्षानुवर्षं डोळ्यांदेखत पाहिलाय, ते तुला नीट सांगायचंय.

इथली युनिव्हर्सिटी ऑफ कॅन्सस म्हणजे बास्केटबॉल. तो खेळ शोधून काढणारा जेम्स नेस्मिथ हाच इथला पहिला कोच. फुटबॉल, म्हणजे तुझा पायाने खेळायचा नव्हे, हातात धरून पळायचा तो लांबट चेंडूचा, त्याच्या वाट्याला इथे उरलेलं प्रेम येतं. तरी 2007 साली या फुटबॉल संघाने 12 मॅच जिंकल्या, एकच हरला, आणि जानेवारी 2008मध्ये ऑरेंज बोल या सीझनअखेरच्या मानाच्या मॅचमध्ये व्हर्जिनिया टेकला 24-21 असं हरवलं. त्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, टॉड रीसिंग मूळचा टेक्सासमधल्या ऑस्टिनचा. उंचीने कमी म्हणून मोठ्या कॉलेजांनी त्याच्याकडे फारसं पाहिलं नव्हतं. कोच मार्क मँजिनो 2002 साली पहिल्या वर्षी 2-10 असा हरला होता. दोन जिंकल्या, दहा हरल्या. तेव्हाच त्याला काढलं असतं तर 2007 आलंच नसतं.

मँजिनो 2009च्या शेवटी गेला. खेळाडूंना फार वाईट वागवतो अशा तक्रारी होत्या, आणि त्याबद्दल मला त्याची बाजू घ्यायची नाही. पण त्याच्यानंतर जे सुरू झालं ते बघ. टर्नर गिलला दोन वर्षं दिली आणि काढला. उरलेल्या कराराचे पैसे म्हणून त्याला घरी बसवून जवळजवळ साठ लाख डॉलर द्यावे लागले. मग चार्ली वाइस आला. नोत्र दाम या नावाजलेल्या कॉलेजचा माजी कोच, मोठं नाव. त्याला 2014च्या सीझनमध्ये चारच मॅचनंतर काढला, त्यालाही लाखो डॉलर देऊन. मग डेव्हिड बीटी, चार वर्षांत 6 विजय आणि 42 पराभव. मग लेस माइल्स, ज्याने एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला, राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. दोन सीझनमध्ये 3 विजय, 18 पराभव. एलएसयूच्या काळातल्या त्याच्या वागणुकीचा चौकशी अहवाल बाहेर आल्यावर मार्च 2021मध्ये तोही गेला. सप्टेंबर 2009 ते सप्टेंबर 2018 या काळात हा संघ दुसऱ्याच्या मैदानावर एकही मॅच जिंकला नाही. सलग 46 पराभव. तुमच्या झोनलच्या पराभवांशी ताडून बघ.

आता खरं दुखणं कुठे होतं ते सांगतो, कारण तुझे संस्थाचालक तुला तेच औषध म्हणून देतायत.

त्या काळी नियम असा होता की एका संघात जास्तीत जास्त 85 पोरांना पूर्ण स्कॉलरशिप देता येते, पण एका वर्षात नवी घ्यायची ती 25च. वाइसने आल्या आल्या जुनी पोरं मोठ्या संख्येने कमी केली आणि त्यांच्या जागी दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांतून पोरं उचलली. वीस वर्षांची, अंगाने भरलेली, उद्या मैदानात उतरवता येतील अशी. दिसायला शहाणपणाचं. पण त्या पोरांची खेळायची दोनच वर्षं उरलेली असतात. काहींचे मार्क पुरले नाहीत, काही आली आणि निघून गेली, उरलेल्यांची मुदत संपली. वर्षाला 25 भरायचे आणि त्यातले अर्धे गळायचे, तर 85 कधी भरणार? 2015मध्ये बीटीच्या हातात संघ आला तेव्हा स्कॉलरशिपवरची पोरं साठीच्या घरात होती. त्या वर्षी 12 पैकी 12 मॅच हरले. पहिलीच मॅच साउथ डकोटा स्टेटशी, म्हणजे खालच्या श्रेणीतल्या संघाशी. शेवटचे काही सेकंद उरलेले, 41-38ने मागे, चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवायचं आणि बरोबरीसाठी किक मारायची, एवढंच काम. चेंडू हातातून निसटला. स्टँडमध्ये माझ्या पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ डोकं धरून बसले होते. त्या पोराच्या चुकीपेक्षा मला राग आला तो त्याला तिथवर आणणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांचा.

या खेळात पुढच्या फळीतली धिप्पाड पोरं असतात ना, ती अठराव्या वर्षी तयार नसतात. वजनं उचलून, खाऊन, मार खाऊन त्यांना घडायला दोन-तीन वर्षं लागतात. जिंकणारा संघ त्यांना तेवढा काळ बाकावर बसवू शकतो. हरणाऱ्याकडे माणसंच नसतात, म्हणून अठरा वर्षांच्या पोराला बावीस वर्षांच्या गड्यासमोर उभं करावं लागतं. ते पोर आडवं होतं, दुखापत होते, मन उठतं, निघून जातं. आणि तेवढ्यात कोचही बदलतो. नवा म्हणतो, ही माझी पोरं नव्हेत. पेरलेलं उगवायच्या आत नांगर फिरवायचा आणि वर म्हणायचं, जमीनच नापीक आहे.

रिक्रूटिंगचं, म्हणजे शाळांतून नवी पोरं मिळवण्याचं, तर विचारू नकोस. इथे कोच पोराच्या घरी जातात, आईवडिलांसमोर बसतात. आई विचारते, माझा मुलगा चार वर्षं तुमच्याकडे असेल, तुम्ही असाल का? कॅन्ससच्या कोचकडे त्याचं खरं उत्तर नव्हतं आणि समोरच्या कॉलेजचा कोच नेमकं तेच तिच्या कानात भरून गेलेला असायचा. वाइसने तर 2013मध्ये पत्रकारांपुढे आपल्याच संघाचा उल्लेख कचऱ्याचा ढीग असा केला. नव्या पोरांना मी हेच सांगतो म्हणाला, की इथे जागा मिळणार नाही असं वाटत असेल तर मग मिळणार कुठे? प्रामाणिक माणूस असेलही. पण त्या ढिगातली पोरं ते वाचत होती, बंड्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना त्याच माणसासाठी पळायचं होतं. तू पोरांसमोर संस्थेच्या लोकांना बोलू दिलं नाहीस, दार लावून सगळं स्वतः ऐकून घेतलंस, हे वाचून मला फार बरं वाटलं.

मग 30 एप्रिल 2021ला लान्स लायपोल्ड आला. एप्रिलच्या शेवटी कोच बदलणं म्हणजे वसंतातला सराव संपत आलेला, रिक्रूटिंग संपलेलं, हातात आहेत तीच पोरं. हा माणूस आधी कुठे होता, तर विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरला, तिसऱ्या श्रेणीत. तिथे 109 विजय, 6 पराभव आणि सहा राष्ट्रीय विजेतेपदं. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तिसऱ्या श्रेणीत खेळाची स्कॉलरशिप नसतेच. पैसे देऊन कुणाला आणता येत नाही. जो पोरगा आवडीने खेळायला येईल त्यालाच घडवायचं. तुझंही तेच आहे. तुझ्याकडे ना पैसा, ना हॉस्टेलच्या जागा. चांगला फॉरवर्ड निघाला की पेठेतली तालीम आपल्या फुटबॉल संघासाठी त्याला उचलते, आणि आता तर तालमीसुद्धा परदेशातून खेळाडू आणतात. या शर्यतीत तू पैशाने जिंकणार नाहीस, आणि तुझ्या संस्थेला हे कुणीतरी सांगायला हवं.

लायपोल्डने साफसफाई केली नाही. आपले बरेचसे जुने सहकारी तो बफेलोहून, म्हणजे व्हाइटवॉटरनंतर तो कोच होता त्या कॉलेजातून, घेऊन आला. त्यांतल्या काही जणांचा आणि त्याचा सहवास व्हाइटवॉटरपासूनचा. पोरांना एकच भाषा ऐकू येऊ लागली. व्यायामाचा कोचही त्याचाच. इथे नियमाने सीझनमध्ये आठवड्याला 20 तासच सराव घेता येतो आणि सीझन नसताना त्याहून बराच कमी, त्यामुळे वर्षभर पोरांच्या जवळ असतो तो वजनं उचलायला लावणारा माणूसच. हरणाऱ्या संघात त्या माणसाकडे कुणाचं लक्ष नसतं. तुझ्याकडे तो माणूस कोण आहे? जिमखान्याची किल्ली सांभाळणारे काका सोडून?

पहिलं वर्ष 2-10. मँजिनोसारखंच. पण त्या दोनांतला दुसरा विजय ऐक. 13 नोव्हेंबर 2021, ऑस्टिन, टेक्सासच्या मैदानावर. आपल्या बिग ट्वेल्व्ह गटात कॅन्ससने दुसऱ्याच्या मैदानावर 2008पासून काही जिंकलं नव्हतं. अर्ध्या वेळेला आपण 35-14ने पुढे, मग टेक्सासने सगळं भरून काढलं. जादा वेळेत टेक्सास 56, आपण 55. एक गुणाची सोपी किक मारून बरोबरी साधायची, की दोन गुणांचा डाव खेळून तिथल्या तिथे निकाल लावायचा? लायपोल्डने दोन गुण मागितले. क्वार्टरबॅक जेलन डॅनियल्सच्या अंगावर माणूस आलेला, त्याने जाता जाता चेंडू फेकला, आणि तो झेलला जॅरेड केसी नावाच्या पोराने. 57-56. केसी प्लेनव्हिल नावाच्या कॅन्ससमधल्या लहानशा गावचा. स्कॉलरशिप नाही, स्वतःच्या खर्चाने संघात आलेला. अशांना इथे वॉक-ऑन म्हणतात. त्याचे आईवडील स्टँडमध्ये होते. मी घरी टीव्हीसमोर उभा राहून ओरडत होतो, शेजारीण दार वाजवून विचारायला आली.

डॅनियल्स हा माइल्सने आणलेला. त्याच दिवशी टचडाउन करणारा, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेणारा, डेव्हिन नील लॉरेन्सच्याच शाळेचा, पुढे या कॉलेजच्या इतिहासात चेंडू घेऊन सर्वाधिक यार्ड पळालेला. म्हणजे 0-9 हरलेल्या 2020च्या काळात ही पोरं आली वा ठरली होती. माल तोच होता. 2022मध्ये पहिल्या पाचही मॅच जिंकल्या, 2023मध्ये 9-4.

सगळं गोड झालं असं तुला सांगत नाही. गेल्या वर्षी 5-7. स्टेडियमचं काम चालू म्हणून घरच्या मॅचेस कॅन्सस सिटीच्या मैदानांवर, मोक्याच्या क्षणी हातच्या मॅच घालवल्या, मग शेवटी क्रमवारीतल्या तीन संघांना ओळीने हरवलं आणि पुढच्याच मॅचला बेलर युनिव्हर्सिटीकडून मार खाल्ला. आणि आता पैशाचा खेळ उघड झालाय. गेल्या महिन्यात कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं वर्षाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटू शकतात. पोरांना त्यांच्या घामाचा वाटा मिळतोय, हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्याबरोबर संघाला 105 जणांची मर्यादा आली आणि तिथे पहिली कुऱ्हाड पडते ती केसीसारख्यांवर. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुझं. संस्थेकडे जा आणि तीन वर्षं माग, लेखी. त्याच्या बदल्यात ट्रॉफी कबूल करू नकोस. कबूल कर की पहिल्या वर्षातली सगळी पोरं तिसऱ्या वर्षालाही संघात असतील, नापास न होता. हे त्यांना मोजता येईल. कोट्यातून कुणी आणायचाच म्हणाले तर एखादा घे, तोही पहिल्या वर्षाचा. पावसाळ्यात मैदान नाही म्हणतोस, तर हे दोन महिने नुसते पायाच्या ताकदीसाठी लाव. सत्तराव्या मिनिटानंतर तुमची पोरं बसतात हे तूच मला मागे व्हिडिओ पाठवून दाखवलं होतंस. आणि कागल-गारगोटीकडून एसटीने येणारी जी दोन पोरं आहेत, त्यांच्या घरी एकदा जाऊन ये. त्यांच्या आईवडिलांना सांग की तू इथेच आहेस. तालमीकडे जाणाऱ्यांना अडवू नकोस, तालमीच्या वस्तादांशी बोलून सरावाचे दिवस वाटून घे. तुझा आणि त्यांचा काही दावा नाही.

गोलकीपरच्या गुडघ्याचा एमआरआय झाला का? झाला असेल तर रिपोर्टचा फोटो पाठव. इथे ओळखीचे एक फिजिओ आहेत, त्यांना विचारून व्यायाम कळवतो. घाईने उतरवू नकोस त्याला.

23 ऑगस्टला नव्या स्टेडियममध्ये फ्रेझ्नो स्टेटशी पहिली मॅच आहे. तुझ्याकडे रविवार उजाडत असेल. मॅच संपली की फोन करीन, तोवर संस्थेशी काय बोललास ते लिही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच