डोके दुखतेय? डोळ्यांचा पडदाही तपासा

महोदय,

आपल्या सीमाभागात गणेशोत्सवात मंडळे नेत्रतपासणी शिबिरे भरवतात, याचे कौतुकच आहे. पण तिथे मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबर पाहिला की तपासणी संपते.

माझ्या भाचीचे डोके कित्येक दिवस दुखत होते. केर काढून उठली की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी यायची, कानात नाडीच्या ठोक्यासारखी धडधड ऐकू यायची. घरात सगळे म्हणाले, पित्त. शिबिरात तक्त्यावरची शेवटची ओळ तिने वाचली, म्हणून डोळे उत्तम ठरले. पुढे बेळगावात थेंब घालून पडदा पाहिला, तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या नसा सुजलेल्या निघाल्या. कवटीतला दाब वाढला होता.

या दाबाने नजर बहुधा आधी कडेने जाते, समोरचे 6/6 दिसत राहते. फसगत होते ती इथेच. आणि गेलेली नजर बऱ्याचदा परत येत नाही. वजन वाढलेल्या तरुण बायकांत हे जास्त आढळते. मुरमांसाठी घेतलेल्या डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्यांनी किंवा बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरेत गुठळी झाल्यानेही दाब वाढू शकतो. एमआरआय, पाठीतले पाणी काढून दाब मोजणे, अशा तपासण्या आणि दाब कमी करणाऱ्या ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या, वजन उतरवणे असे उपाय आहेत, पण वेळेत पोचायला हवे.

मंडळांना कळकळीची विनंती, यंदा शिबिरात पडदा तपासणारे डॉक्टर बोलवा. जांबोटी, कणकुंबीकडच्या बायकांना त्यासाठी बेळगाव गाठणे सोपे नाही. लक्षणांचा फलक मराठी आणि कन्नड दोन्हींत लावा.

— एक वाचक, खानापूर