दहा अल्बट्रॉस आणि दहा वाक्विटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातात वाक्विटा हा जेमतेम दीड मीटर लांबीचा समुद्री सस्तन प्राणी दहाच्या आसपास उरला आहे. त्याची बातमी आली की ‘एवढ्याशा संख्येतून जात कसली सावरते?’ असा सूर लागतो. जपानच्या तोरिशिमा बेटावरचा आखूड शेपटीचा अल्बट्रॉस याच आकड्यावर येऊन ठेपला होता, हे अशा वेळी कुणी आठवत नाही. पिसांसाठी लाखोंनी मारला गेलेला हा पक्षी १९४९ मध्ये नामशेष मानला गेला आणि १९५१ मध्ये बेटावरील हवामान केंद्राच्या कर्मचाऱ्यांना पुन्हा दिसला, तेव्हा तो सुमारे दहाच होता. वर्षाला एकच अंडे घालूनही आज तो काही हजारांवर गेला आहे.

हे आपोआप घडले नाही. ज्वालामुखीच्या राखेच्या घसरत्या उतारावर गवत लावले गेले आणि नकली पक्षी मांडून खऱ्यांना सुरक्षित जागी बोलावले गेले. अलास्काच्या समुद्रात लांब दोरीच्या गळांना पक्षी अडकू लागले, तेव्हा बोटींमागे फडफडत्या फितींची दोरी सक्तीची झाली. गळ बुडेपर्यंत पक्षी दूर राहतात आणि आमिषही वाचते, त्यामुळे मच्छीमाराचे त्यात नुकसान नाही.

वाक्विटाचे घोडे नेमके इथेच अडले आहे. ती मरते ती तोतोआबा मासा आणि कोळंबी यांसाठी लावलेल्या गिलनेटमध्ये, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या जाळ्यात. तोतोआबाचे वाताशय (पोटातली हवेची पिशवी) चोरट्या मार्गाने चीनमध्ये प्रचंड किमतीला जात असल्याने २०१७ ची कायमची जाळेबंदी बरीचशी कागदावरच राहिली. त्याच वर्षी तिला पकडून सांभाळण्याच्या प्रयत्नात एक मादी दगावली, म्हणजे तीही वाट बंद झाली. जाळ्यातले मृत्यू थांबले तर ही जात अजूनही सावरू शकते, असे २०२२ मधील जनुकीय अभ्यास सांगतो. मात्र त्यासाठी मच्छीमाराला तितकेच उत्पन्न देणारे दुसरे जाळे हाती द्यावे लागेल.

आपल्याकडे संरक्षित सागरी जीव सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे, आणि ती स्तुत्यच आहे. परंतु कोकण किनाऱ्यावर आढळणारा, वाक्विटाचाच भाऊबंद असलेला बिनपराचा पोर्पॉइज हा डॉल्फिनसारखा सस्तन प्राणी फुप्फुसांनी श्वास घेतो. जाळे वर ओढेपर्यंत तो बहुधा गुदमरून मेलेला असतो. त्याच्यासाठी भरपाईपेक्षा जाळ्याच्या प्रकाराचा आणि ते लावण्याच्या जागेचा विचार आधी व्हावा.

– एक वाचक, रत्नागिरी