थंडीतला शनिवार-रविवार घरासाठी राखावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर उजाडला की गोव्याविषयी जे छापले आणि दाखवले जाते, त्यात समुद्रकिनारे, मासळी, रात्रीच्या मेजवान्या आणि रस्त्यांवरची वाहनांची कोंडी यांनाच बहुतेक सगळी जागा मिळते. त्यातले काही खोटे नाही. परंतु याच दिवसांत अंगणात ऊन खात, कुठेही न जाता, साधे शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण जेवून शनिवार-रविवार काढण्याची जी रीत आमच्या घरांतून होती, ती वरचेवर कमी होत चालली आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून हे पत्र लिहीत आहे.

शिवराक म्हटले की आपल्याला सोमवार आठवतो, श्रावण आठवतो, मार्गशीर्षातले गुरुवार आठवतात. म्हणजे मासे वर्ज्य म्हणून भाजी, असा आपला हिशेब असतो. मला हा हिशेब पटत नाही. गोव्याची जमीन भाजीच्या बाबतीत सर्वांत उदार असते ती याच दोन-तीन महिन्यांत. पावसाळी भाताची कापणी आटोपली की शेतात उरलेल्या ओलीवर अळसांदे (चवळीचा एक प्रकार) पेरले जातात, कुळागरांतून (सुपारी-नारळाच्या बागांतून) आणि परसांतून काटेकणगी, करांदे, सुरण असे कंद काढले जातात, आणि तांबडी भाजी, मुळा, आगशीची वांगी बाजारात दिसू लागतात. एरवी आपण घाट उतरून आलेल्या बेळगावच्या भाजीवर जगतो, त्याला इलाज नाही. पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या दिवसांत जमिनीवर गोणपाट अंथरून बसलेल्या बायकांसमोर जे ढीग असतात, ते इथल्या मातीचे असतात. अशा वेळी शिवराक जेवणे म्हणजे काही सोडणे नव्हे.

अडचण एवढीच आहे की हे जेवण घरी बसलेल्या माणसांचे आहे. मुगागाठीचेच, म्हणजे मोडाच्या मुगांच्या नारळ घातलेल्या आमटीचेच, पाहावे. शुक्रवारी रात्री मूग भिजत घालायचे, शनिवारी ते फडक्यात बांधून मोड येऊ द्यायचे आणि रविवारी सकाळी कोमट पाण्यात घालून एकेका मुगाची साल काढायची. गेल्या रविवारी आमच्या सासूबाई पाट घेऊन मागच्या दारी उन्हात बसल्या होत्या, मांडीशी पितळेचे तपेले. अंगठा आणि तर्जनी यांत मूग धरून त्या तो किंचित दाबत, आणि हिरवी साल तशीच सुटून पाण्यावर तरंगू लागे. मोड मात्र एकही मोडत नव्हता. मी घाईने चोळायला घेतले तर माझ्या हातातल्या मुगाची दोन दळे वेगळी झाली. त्यांनी काही न बोलता माझ्यापुढचे भांडे आपल्याकडे ओढले आणि मला नारळ आणायला सांगितले. थोड्या वेळाने कॉलेजात शिकणारा मुलगा मोबाइल खिशात टाकून त्यांच्या शेजारी येऊन बसला, आणि त्या दोघांत आजोबांच्या वेळच्या वायंगण (उन्हाळी भाताच्या) शेतीच्या, बांधावर खाल्लेल्या पेजेच्या गोष्टी सुरू झाल्या. यातल्या निम्म्या मी लग्नाला २६ वर्षे होऊनही ऐकल्या नव्हत्या.

खतखत्याचेही, म्हणजे आमच्याकडच्या मिश्र भाजीचेही, तसेच. किमान पाच भाज्या, थोडी तूरडाळ, हळद-मिरची घालून वाटलेले खोबरे, आमसुले, गुळाचा खडा आणि वरून पाण्यात ठेचलेली आठ-दहा तिरफळे. त्याला कांदा लागत नाही, लसूण लागत नाही, फोडणीसुद्धा लागत नाही. लागतो तो वेळ, कारण काटेकणगीची माती धुणे आणि साल काढणे हे घाईचे काम नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. घरातला आळसाचा दिवस पुष्कळदा घरातल्या बाईच्या कष्टांवर उभा असतो, आणि तसा तो असेल तर त्याचे कौतुक करण्यात मला रस नाही. आमच्याकडे नारळ विळीवर खवण्याचे काम यजमानांकडे असते, भाजी निवडायला सगळे बसतात, आणि शनिवारी तर सकाळी दहा-अकराच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज व चेपणीचे तोर (मिठात मुरवलेल्या कैऱ्या), दुपारी भात, तांबडी भाजी आणि सोलकढी एवढ्यावरच भागते. पुन्हा चूल पेटते ती संध्याकाळच्या चहाला आणि उकडलेल्या काटेकणगीला. पहाटे पारा जेमतेम २० अंशांपर्यंत उतरणाऱ्या आपल्या थंडीला एवढी ऊब पुरेशी असते.

आपणांस विनंती अशी की, रविवारच्या पुरवणीत नाताळच्या केकला आणि मासळीच्या कृतींना जशी जागा दिली जाते, तशी निदान फेब्रुवारी संपेपर्यंत दर आठवड्याला एका शिवराक पदार्थाला द्यावी. कृती वाचकांकडूनच मागवाव्यात आणि त्या ज्या तालुक्यातून येतील तिथल्याच शब्दांत छापाव्यात. एकाच कंदाला पेडण्यात एक नाव आणि काणकोणात दुसरे असू शकते, आणि ती नावे आता आमच्या सासूबाईंच्या पिढीलाच नीट ठाऊक आहेत. शक्य असल्यास भाजी कोणत्या महिन्यात आणि कोणत्या बाजारात मिळते, तेही सोबत द्यावे.

सुरुवात म्हणून सासूबाईंनी सांगितलेली मुगागाठीची कृती वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडत आहे. माप त्यांच्या वाटीचे आहे; ती वाटी साधारण १५० ग्रॅम मुगांची भरते.

कळावे,
आपली नियमित वाचक,
बार्देश, गोवा