वहाणा मागायला आलेला नवरा

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची सहा प्रकरणं दोन रात्रींत वाचून काढली. "खरं काय वाटलं ते सांग" म्हणाली होतीस, म्हणून पत्रच लिहितेय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

१८२० चं लंडन, वर झुंबराखाली खानदानी व्हॅम्पायर, खाली तळघरात त्यांनीच चावून आपल्यासारखे केलेले नोकर. मांडणी झकास आहे. पण तुझा उमराव पानोपानी झळकतो आणि ती मोलकरीण नुसती त्याच्याकडे बघत राहते. पोर मेली, पुन्हा उठली, तरी तिला स्वतःचं म्हणून काहीच नको? हे मला पटेना.

अगं, व्हॅम्पायर मुळात उमराव नव्हताच. १७२५ साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला. तेव्हा तिथे ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याचा अंमल. आठ दिवसांत आणखी नऊ माणसं गेली; पेटार झोपेत येऊन गळा दाबतो, असं ती मरताना सांगत होती. सरकारी अंमलदाराचा अहवाल व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापूनही आला. गावकऱ्यांनी थडगं उकरलं, छातीत खुंटा ठोकला, प्रेत जाळलं. हे तू वाचलं असशीलच. माझ्या डोक्यातून जात नाही ती त्यातली एक बारीकशी गोष्ट. पेटारच्या बायकोनं सांगितलं होतं, की तो तिच्याकडे आला आणि आपल्या वहाणा मागू लागला. मग ती गाव सोडून गेली.

रक्त नव्हे, वहाणा! तुझ्या सहा प्रकरणांतल्या सगळ्या चुंबनांपेक्षा मला त्या एवढ्याशा मागणीत जास्त संसार दिसला.

उमरावी थाट आला तो पुढे, १८१९ मध्ये. जॉन पॉलिडोरी हा इंग्रज कवी लॉर्ड बायरनचा पगारी डॉक्टर. १८१६ चा उन्हाळा दोघांनी जिनिव्हा सरोवराकाठी काढला आणि त्याच वर्षी पॉलिडोरीची नोकरी गेली. त्यानं रक्त पिणाऱ्या एका लॉर्डची गोष्ट लिहिली, आणि मासिकानं ती छापली कुणाच्या नावावर? बायरनच्या! लिहिलं नोकरानं, जमा झालं मालकाच्या खात्यावर. तुझ्या तळघराला याहून चांगली फोडणी कुठली मिळणार?

आता चौथं प्रकरण. उमरावाचा पांढरा शर्ट रक्तानं माखतो आणि पुढच्याच प्रसंगात तो शुभ्र शर्टात नाचतोय. धुतला कुणी? तिनंच ना? रक्ताचा डाग गरम पाण्यात टाकला की पक्का बसतो, तो गार पाण्यातच चोळावा लागतो. तुझे गुडघे फुटायचे तेव्हाचे फ्रॉक मी असेच चोळलेत. तिलाही भूक लागलीय, आणि बोटांना वास येतोय तो दुसऱ्याच्या जेवणाचा. बाई गं, तिथे थांब जरा! घमेल्यातलं ते गुलाबी पाणी ती मोरीत ओतते की ओंजळीनं पिते, ते ठरव. तो दाराशी उभा राहून हे बघतो का, तेही ठरव. प्रेम जमायचं तर तिथे जमेल. झुंबराखाली अजून तरी जमलेलं नाही.

नाचाचं वर्णन फार लांबलंय, अर्धं काप.

सातवं प्रकरण झालं की लगेच पाठव. ती त्याला मारणार असेल तर आधी सांगू नकोस.

तुझी,
आई